केडगावच्या विहिरी आणि आमचा तवक्कुल

‘अल्लापर छोड दो’ हे वाक्य आमच्या घरात जितक्या वेळा बोलले जाते तितक्या वेळा ‘पाणी दे’ हेही बोलले जात नसेल. नोकरीचा अर्ज टाकला, अल्लापर छोड दो. पोरीचे स्थळ फिसकटले, अल्लापर छोड दो. महिना संपायला आठ दिवस आहेत आणि डब्यातले तांदूळ तळाला गेले आहेत, तेव्हाही तेच. या वाक्याने कितीतरी दुःखे सोसण्याजोगी झाली, हे आम्ही पाहिले आहे. याच वाक्याच्या आड आळस, भित्रेपणा आणि दुसऱ्याच्या, त्यातही बाईच्या, आयुष्याचे निर्णय परस्पर उरकण्याची सवय लपून बसते, हेही पाहिले आहे. शब्द दोन्हीकडे एकच. मग खरा तवक्कुल कोणता आणि नुसता तोंडचा कोणता, हे ओळखायचे कसे?

मौलानांचे बयान आम्ही ऐकले, किताबाही चाळल्या. पण हा प्रश्न आमच्यापुढे नीट उभा केला तो एका ख्रिस्ती बाईने. वाचकांनी दचकू नये. ईमान आहे तिथेच आहे.

आम्ही दौंडचे. भीमेकाठचे, रेल्वेचे गाव. अब्बा रेल्वेत होते, त्यामुळे लहानपण क्वार्टर्समध्ये गेले. आमच्या एका भिंतीला मराठा कुटुंब आणि दुसऱ्या भिंतीला ख्रिस्ती. त्या ख्रिस्ती मावशी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेल्या. दौंडहून पुण्याला निघाले की वाटेत केडगाव स्टेशन लागते. एकाच केडगावच्या शिवारात नारायण महाराजांचे दत्तमंदिर आहे आणि पंडिता रमाबाईंनी उभारलेले मिशनही आहे. आपल्या महाराष्ट्रात अशा गोष्टी शेजारी शेजारी नांदतात आणि त्याचे कुणाला फारसे नवल वाटत नाही, हे एक बरे आहे.

मावशी अम्मीला भाभी म्हणत. भाताच्या पहिल्या घासाला अम्मीची बिस्मिल्ला आणि मावशींची डोळे मिटून केलेली प्रार्थना, दोन्ही आम्ही एकाच चटईवर पाहिल्या. मावशींचे एक पालुपद होते, ‘परमेश्वर पुरवील.’ त्यांच्या कमरेच्या पिशवीत मात्र एक चोपडी असे आणि दुधाच्या पावशेराचा हिशेबही तिच्यात टिपलेला असे. अब्बा चेष्टेने म्हणत, “बाई, देव पुरवणार तर चोपडी कशाला?” त्या म्हणत, “तो पुरवतो ते कुठं गेलं हे त्याला सांगायला नको का, भाईसाहेब?”

मावशींकडूनच आम्ही रमाबाईंच्या विहिरींची गोष्ट प्रथम ऐकली. पुढे रमाबाईंचे लिखाण वाचले तेव्हा ती गोष्ट तिथेही सापडली. पण विहिरींकडे जाण्याआधी बाईंचा रस्ता पाहायला हवा, कारण तो सरळ नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून बायकोला संस्कृत शिकवले आणि पुढे आईने मुलीला. सारे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरले. आईवडील दुष्काळात अन्नावाचून गेले. वीस वर्षांच्या या मुलीला १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. लग्न १८८० मध्ये झाले, १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला. पदरात लहानगी मनोरमा. त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, १८८३ मध्ये विलायतेला गेल्या आणि तिथे बाप्तिस्मा घेतला. त्यावरून महाराष्ट्रात किती धुरळा उडाला ते इथे सांगत बसत नाही. ज्या समाजाला धर्मांतराच्या नुसत्या अफवेची झळ कशी असते ते ठाऊक आहे, त्याला तो समजायला वेळ लागणार नाही.

अमेरिकेत असताना १८८७ मध्ये रमाबाईंनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवर इंग्रजीत एक पुस्तक लिहिले. त्याच्या शेवटाकडे या स्त्रियांच्या मुख्य गरजा सांगितल्या आहेत. पहिली गरज स्वावलंबन. दुसरी शिक्षण. तिसरी, शिकवायला आपल्याच देशातल्या स्त्रिया. पहिला मान स्वावलंबनाला, हे ध्यानात ठेवावे. कारण हीच बाई पुढे आयुष्यभर सांगत राहिली की आपण स्वतःवर नाही, फक्त देवावर विसंबून आहोत. आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा अडखळलो. एक तर माणसाने आपल्या पायावर उभे राहावे, नाहीतर देवावर भार टाकावा. दोन्ही एकदम कसे?

मध्ये एक गोष्ट घडली. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, रमाबाईंना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडलेला नाही. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. हजारो श्लोक मुखोद्गत असलेली, पंडितांना निरुत्तर करणारी ही बाई. धर्म तिने बुद्धीने तपासून घेतला होता, वाद घालून, पटवून घेऊन. आता तिला कळले की एवढ्याने भागत नाही. आपली विद्या, आपली सत्कृत्ये यांच्या बळावर आपण तरणार नाही. तरायचे तर देवाच्या कृपेनेच. ख्रिस्ती श्रद्धेचा हा गाभाच आहे आणि त्या श्रद्धेत ही कृपा ख्रिस्ताच्या बलिदानातून येते. इथे आमचा आणि त्यांचा रस्ता वेगळा होतो. हजरत ईसा अलैहिस्सलाम आमचेही पैगंबर, पण क्रुसाची गोष्ट आम्ही तशी मानत नाही. हा फरक झाकण्यात अर्थ नाही. मात्र कृपेचे म्हणाल तर आमच्याकडेही बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हदीस आहे की कुणीही केवळ आपल्या अमलाच्या जोरावर जन्नतमध्ये जाणार नाही. सहाब्यांनी विचारले, आपणही नाही? हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम म्हणाले, मीही नाही, अल्लाहच्या रहमतीने झाकून घेतले तरच. आमच्यापैकी पाच वक्ताचे नमाजी, हजला जाऊन आलेले जे आपल्या पुण्याच्या वहीचा फुगवटा मिरवतात, त्यांना ही हदीस फारशी आठवत नाही, एवढेच.

आता विहिरी.

रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आणले. खर्चाची हमी अमेरिकेतल्या एका मंडळाने दिली होती, दहा वर्षांची. मुली प्रार्थनेला बसतात यावरून १८९३ मध्ये पुण्यात गदारोळ झाला. रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. म्हणजे इकडचा आधार तुटला आणि तिकडच्या आधाराला मुदत होती. अशा वेळी बाईंनी काय केले? केडगावला जमीन घेतली. कोरडवाहू माळ. त्यावर फळबाग लावायची, म्हणजे दहा वर्षे सरल्यावर संस्थेला स्वतःचे उत्पन्न राहील, असा हिशेब होता. विहिरी खणल्या. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो अनाथ मुली, बालविधवा घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, सरकारचे निर्बंध. मुलींना घेऊन त्या केडगावच्या माळावर आल्या, झोपड्या आणि तंबू ठोकले. मुक्ती मिशन ते हेच. पुढे तिथली वस्ती दीड-दोन हजारांवर गेली.

याच काळात त्यांनी जॉर्ज म्यूलरचे चरित्र वाचले होते. हा मूळचा प्रशियाचा माणूस इंग्लंडात ब्रिस्टलला येऊन राहिला आणि १८३६ पासून त्याने अनाथाश्रम चालवले. हयातीत दहा हजारांवर मुले सांभाळली. कुणापुढेही हात पसरायचा नाही, जे मागायचे ते देवाजवळ, असा त्याचा नेम. तो १८९८ मध्ये वारला. नेमक्या त्याच वर्षी रमाबाईंच्या अमेरिकन हमीची दहा वर्षे पुरी झाली. म्यूलरचे नि आणखी एकदोघांचे चरित्र वाचून रमाबाईंच्या मनात आले की इतर देशांत देवावर असा भरवसा टाकता येतो, तर हिंदुस्थानात का टाकता येऊ नये?

एका वर्षी पाऊस नीट झाला नाही. दीड-दोन हजार माणसे, शंभरावर गुरे आणि भरवशाच्या विहिरी दोन. दिवसभरात सारे पाणी उपसले जाई. संध्याकाळी विहिरीचा तळ दिसे आणि उद्या काय, हा प्रश्न पडे. सकाळी पाहावे तर झरे पाझरून दिवसापुरते पाणी साचलेले असे आणि ते दिवसभर पुरे. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी हे सांगितले आहे. मावशी हीच गोष्ट सांगताना तळहाताची ओंजळ करून दाखवत.

कुणी म्हणेल, यात चमत्कार कसला? विहिरीला रात्रीतून पाणी येतेच. खरे आहे. आम्हालाही त्यात चमत्कार शोधायचा नाही. आम्हाला दिसते ते एवढेच की विहीर खणलेली होती. रात्री पाणी यावे म्हणून दिवसा कुणीतरी घाम गाळला होता. आणि खणून झाल्यावर, तळ दिसत असताना, बाई निवांत झोपू शकत होती. आमची अडचण दुहेरी असते. खणायच्या वेळी आम्ही अल्लापर छोडतो आणि खणून झाल्यावर रात्रभर काठावर बसून तळाकडे टक लावतो.

म्यूलरचेही तसेच. मागणे फक्त देवाजवळ, पण दर वर्षी पैशापैशाचा छापील हिशेब. रमाबाईही ‘मुक्ती प्रेयर बेल’ नावाचे पत्रक काढून संस्थेची हालहवाल कळवत. प्रार्थना देवाला आणि पत्रक जगाला, ही हुशारी नाही का, असे एखादा खवचट माणूस विचारील. आम्हाला ते तसे वाटत नाही. लोकांचा पैसा घेऊन हिशेब न देणाऱ्या आणि वर ‘अल्ला देखनेवाला है’ म्हणणाऱ्या आमच्याकडच्या काही कमिट्यांपेक्षा ही हुशारी शंभर पटींनी बरी.

मिशनमधल्या मुली विणकाम शिकल्या, शेती शिकल्या, तेलाचा घाणा चालवू लागल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे सोपे मराठी भाषांतर याच बायकांच्या हातांनी छापले गेले. म्हणजे १८८७ मधले स्वावलंबन कुठे गेले नव्हते. ते मुक्तीच्या घाण्यात आणि छापखान्यात होते. मग बाई देवावर विसंबून म्हणत होत्या ते काय? आम्हाला वाटते, स्वावलंबनाची त्यांची लढाई मुळात देवाशी नव्हतीच. ती होती दीर, सासरा, भाऊ, पंच आणि हमी देणारी मंडळे यांच्या मेहरबानीशी. ज्याला फक्त देवापुढे हात पसरायचा आहे त्याचा हात बाकी सगळीकडे मोकळा राहतो, कामाला.

सगळेच भरवसे असे नसतात. त्याच काळातले दुसरे मोठे मराठी ख्रिस्ती, रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. हातात आलेला पैसा त्यांच्याकडे ठरत नसे. दारी आलेला रिकामा जात नसे. अखेरीस, १९१७ मध्ये, मिशनची नोकरीही सोडून ते ‘देवाचा दरबार’ मांडून बसले. मोठा कवी, निर्मळ माणूस, वाद नाही. पण लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना ठाऊक आहे की टिळकांच्या भरवशाची किंमत स्वयंपाकघरात कोण मोजत होते. लक्ष्मीबाई ते हसत हसत सांगतात म्हणून आपणही हसतो. आमच्या अब्बांचे असेच होते. पगाराच्या दिवशी कर्जदार, नातेवाईक, मदरशाचा चंदा, सगळ्यांना मोकळ्या हाताने, आणि घरी येऊन ‘अल्ला देगा’. अल्ला देत असे, खरेच. पण ते अम्मीच्या तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवलेल्या, दोऱ्याने बांधलेल्या नोटांतून देत असे. अब्बांना त्या डब्याचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही.

हे सारे आम्ही पुस्तकी चर्चेसाठी मांडत नाही. आमच्या धाकट्या बहिणीचे प्रकरण घरात उभे राहिले नसते तर कदाचित हे लिहिलेही नसते.

एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, तिचा नवरा गेला. चौतीस वर्षांची ती, दोन मुली. थोरली तेव्हा आठवीत. भाऊजींचा टेम्पो होता, त्यावर थोडे कर्ज शिल्लक. इद्दतीचे चार महिने दहा दिवस ती आमच्याकडेच होती. इद्दत संपायच्या आधीच थोरल्या भाईजानने सगळे ठरवून टाकले होते. टेम्पो विकायचा, कर्ज फेडून उरेल ते भाईजानकडे ठेवायचे. मुली एकेका मामाकडे वाटून द्यायच्या. ती भाईजानच्या घरी राहील आणि पुढेमागे एखादे दुजवराचे स्थळ बघू. भाईजान वाईट माणूस नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होते. तो म्हणाला, “तू अब कायकी फिकर नको कर. अल्लापर छोड दे. हम हैं ना.”

ती खाली बघत होती. मग म्हणाली, “अल्लापर तो छोडीच हूँ, भाईजान. तुमारेपर छोडनेकू किधर लिखेला है?”

घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोलले नाही. ईमान कच्चे झाले, असेही कुणीतरी म्हणाले. तेव्हा आम्हाला ती हदीस आठवली जी लहानपणी सगळ्यांनी ऐकलेली असते. एका बदूने विचारले, उंट बांधून तवक्कुल करू की मोकळा सोडून? उत्तर मिळाले, आधी बांध, मग तवक्कुल कर. दुसरी आणखी जवळची. एक अन्सारी मागायला आला. हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी त्याला घरात काय आहे ते विचारले. एक घोंगडे आणि एक वाडगा. ते आणवून दोन दिरहमला विकले. एका दिरहमचे घरच्यांसाठी अन्न, दुसऱ्याचे कुऱ्हाडीचे पाते. त्या पात्याला दांडा आपल्या मुबारक हातांनी बसवून दिला आणि लाकडे तोडायला पाठवले. आम्ही हे भाईजानपुढे ठेवले. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “वो मर्द था.” यावर काय बोलणार? तरीही आम्ही बोललो, मोठ्याने बोललो, आणि अम्मी मध्ये पडली. अम्मी म्हणाली, टेम्पो तिच्या नवऱ्याचा आहे, हक्क तिचा आणि लेकरांचा आहे, तीच सांगेल.

टेम्पो विकला. कर्ज फिटून जे उरले त्यात तिने पिठाची गिरणी टाकली. थ्री फेज कनेक्शनसाठी तिने चकरा मारल्या. चक्कीच्या दगडांना टाकी कशी लावायची ते एका म्हाताऱ्या कारागिराकडून शिकून घेतले. पहिल्या महिन्यात मोहल्ल्यातल्या बायका बघायला येत, दळण मात्र लांबच्या गिरणीवर नेत. ती दुपारभर मोकळ्या गिरणीपाशी बसून राही. आम्ही विचारले, घाबरत नाहीस? ती म्हणाली, “पाखरं सकाळी उपाशी उडतात, सांजेला पोट भरून येतात, हे अब्बाच सांगायचे ना? पण उडतात तर खरी.” ही उपमा हदीसमध्ये आहे. इंजीलमध्ये हजरत ईसांच्या डोंगरावरच्या उपदेशातही पाखरे आहेत, पेरणी-कापणी न करता ज्यांना देव पोसतो ती. मावशी असत्या तर दोघींचे पाखरांवरून छान जमले असते. मावशी जाऊन आता बरीच वर्षे झाली.

हळूहळू दळणे येऊ लागली. आधी हिंदू वस्तीतून, मग रमजानच्या तोंडावर मोहल्ल्यातून. भाईजानच्या घरचे गहूही आता तिथेच येतात. तो स्वतः येत नाही, पोराला पाठवतो. ती त्याच्याकडून दळणाचे पैसे घेते. न घेण्याचा आग्रह पोराने एकदाच केला.

थोरली यंदा बारावी झाली. तिला नर्सिंगला जायचे आहे. पहिल्या वर्षाची फी, हॉस्टेल, पुस्तके असे मिळून जे होते त्यातले निम्मे बहिणीने चोपडीत बाजूला दाखवले आहे. निम्मे नाही. एका संस्थेकडे शिष्यवृत्तीचा अर्ज गेला आहे, तिथून अजून काही कळलेले नाही. आम्ही थोडे देऊ म्हणालो, तर ती म्हणाली, उसने म्हणून द्या, चोपडीत लिहीन. मुलगी रडकुंडीला येऊन विचारत होती की बाकीचे जमले नाहीत तर फॉर्म भरून काय उपयोग. बहीण गिरणीचा पट्टा बसवत होती. मान वर न करता म्हणाली, “तू फॉर्म भर. फोटो काढून आण आधी.” आणि बिस्मिल्ला म्हणून तिने बटण दाबले. पुढचे काही ऐकू येईना.